काटा तळपायात, गाठ जांघेत

यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या वावरात राबणाऱ्याला दोन गोष्टी चुकत नाहीत: कापून नेलेल्या पऱ्हाटीची धसकटं आणि धुऱ्यावरच्या बाभळीचे काटे. काटा तळपायात मोडतो. सुईने कोरून काढला तरी टोक आत राहतं. दिवसभर पाय ठणकतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेगळंच दुखणं सुरू होतं. पाऊल उचललं की जांघेत ओढ बसते, चाचपून पाहिलं तर सुपारीएवढी गाठ लागते, आणि तिला बोटसुद्धा लावू देववत नाही. घरातल्या आजीला ती गाठ पाहावीही लागत नाही. “अवधाण आलं ना रे! पाय दाखव, काटा हाये आत,” असं ती नुसत्या चालीवरून सांगते.

आजीचं निदान अचूक असतं, पण त्यात एक कोडं दडलेलं आहे. काटा शिरला तळपायात. जांघेपर्यंत तो काही गेला नाही. तिथे ना जखम, ना पू. मग त्या गाठीत भरलं काय?

भरलेल्या असतात पांढऱ्या पेशी, कोट्यवधींच्या संख्येने. काल-परवापर्यंत त्यांतल्या बहुतेक रक्ताबरोबर अंगभर फिरत होत्या. जांघेतल्या एका बारीक नसेपाशी त्या थांबल्या, तिच्या भिंतीतून आरपार गेल्या आणि ग्रंथीत उतरल्या. भिंत फुटली नाही, रक्ताचा थेंब सांडला नाही. वाहत्या रक्तातून नेमकं इथेच उतरायचं, हे त्यांना कळलं कसं? या प्रश्नाचा माग काढायला शास्त्रज्ञांना शंभरहून जास्त वर्षं लागली, आणि त्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईतून गेला आहे.

पायाची खबर जांघेत

केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी सतत थोडंथोडं पाझरत असतं. हे पाझरलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडायला शरीरात एक वेगळं जाळं आहे, लसिकावाहिन्यांचं. या जाळ्याला हृदय नाही. वाहिन्यांच्या भिंती आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू त्यांना दाबतात, आणि आतल्या झडपा लसिकेला मागे येऊ देत नाहीत. एवढ्या जोरावर ती पायातून वर चढते. वाटेत लसिकाग्रंथी लागतात. माणसाच्या अंगात त्या साधारण सहाशे असतात आणि मान, काख, जांघ व आतड्यांभोवती त्यांचे पुंजके असतात. पायाची लसिका मुख्यतः जांघेतल्या ग्रंथींत जाते, हाताची काखेतल्या. म्हणूनच वेचणीच्या दिवसांत सुकलेल्या बोंडाचं टोक नखापाशी घुसून बोट पिकलं, की अवधाण काखेत येतं.

काट्याबरोबर आत गेलेले जंतू आणि त्यांचे तुकडे लसिकेतून वाहत ग्रंथीत येतात. काही तुकडे तर मुद्दाम आणले जातात. कातडीत डेंड्रायटिक नावाच्या पेशी पसरलेल्या असतात. त्या जंतू गिळतात, त्याचे तुकडे आपल्या अंगावर मांडतात, आणि लसिकावाहिनीत शिरून ग्रंथीचा रस्ता धरतात. पायाची खबर अशी जांघेत पोहोचते.

खरी अडचण यापुढे सुरू होते. आपल्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्या टी आणि बी अशा दोन मोठ्या जाती. यांतली प्रत्येक पेशी जन्मतःच एक ठरावीक आकार ओळखायला तयार झालेली असते. काट्यावरून आलेल्या जंतूचा एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती त्या दिवशी मानेतल्या ग्रंथीत असेल, नाहीतर आतड्यापाशी असेल. तुकडा मात्र येऊन पडलाय जांघेत. सहाशे ग्रंथींमधून नेमक्या त्याच ग्रंथीत दोघांची भेट व्हायची कशी?

शरीराने यावर काढलेली तोड खर्चिक आहे, पण बिनचूक. कोणी एका जागी बसायचंच नाही. प्रत्येक लिम्फोसाइट रक्तातून एका ग्रंथीत उतरते, अर्धा दिवस ते दिवसभर तिथे हिंडते, एकेका डेंड्रायटिक पेशीला भिडून आपला आकार आहे का ते पाहते. सापडला नाही तर लसिकेबरोबर बाहेर पडते, छातीतल्या मोठ्या लसिकावाहिनीतून मानेच्या बुडाशी पुन्हा रक्तात येते, आणि दुसऱ्या एखाद्या ग्रंथीत उतरते. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं ती असं फिरत राहते. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या अंगातल्या लाखो पेशी दर सेकंदाला रक्तवाहिनीची भिंत ओलांडून कुठल्या ना कुठल्या ग्रंथीत शिरत आहेत.

बेडूक, तारामासा, उंदीर

पेशी रक्तवाहिनीबाहेर पडतात, हेच मुळात मानायला जग तयार नव्हतं. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम अ‍ॅडिसन आणि ऑगस्टस वॉलर यांनी तसं लिहून ठेवलं होतं, पण त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो त्या काळचे वैद्यकातले मोठे प्रस्थ. पुवातल्या पेशी त्याच जागच्या मांसात तयार होतात, असं त्यांचं मत होतं. १८६७ साली त्यांचेच शिष्य युलियस कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याला धरून असलेला पारदर्शक पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला. उघड्यावर पडलेला पडदा सुजू लागला, तशा नसेच्या मधोमध वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी कडेला आल्या आणि भिंतीला लागल्या. बऱ्याच वेळाने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बारीकसा फुगवटा दिसला. तो वाढत गेला, आणि सरतेशेवटी अख्खी पेशी बाहेर आली. पू रक्तातून येतो, हे शिष्याने गुरूच्या मताविरुद्ध डोळ्यांनी पाहिलं.

पंधरा वर्षांनी, १८८२ च्या हिवाळ्यात, सिसिली बेटावरच्या मेसिनात इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांत गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. पेशी परक्या वस्तूकडे आपणहून जातात आणि तिला गिळायला बघतात, या कल्पनेचा पाया तिथे घातला गेला. १९०८ चं नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एअरलिख यांच्याबरोबर मिळालं. मात्र त्या अळीत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशींना नुसतं चालत जायचं होतं. आपल्या पेशींना त्याआधी वाहत्या रक्तातून उतरावं लागतं.

लिम्फोसाइटचं कोडं तर आणखी जुनाट होतं. उंदराच्या छातीतल्या लसिकावाहिनीतून या पेशी दिवसभर रक्तात ओतल्या जातात. एका दिवसात इतक्या ओतल्या जातात की रक्तातल्या सगळ्या लिम्फोसाइट अनेकदा बदलून निघाव्यात. तरी रक्तातली त्यांची संख्या वाढत नाही. मग त्या जातात कुठे? मरतात की काय? १९५० च्या दशकात ऑक्सफर्डला जेम्स गावन्स यांनी उंदराच्या त्या वाहिनीत बारीक नळी घातली आणि लसिका बाहेर काढत राहिले. काही दिवसांत पेशींचा ओघ आटला. काढलेल्या पेशी शिरेतून परत दिल्या, तर ओघ पुन्हा सुरू झाला. नवीन पेशी भराभर बनत नव्हत्या आणि जुन्या मरतही नव्हत्या. त्याच त्या पेशी फेऱ्या मारत होत्या.

रक्तातून लसिकेत त्या जातात कुठून, ते १९६४ साली ठरलं. गावन्स आणि नाइट यांनी पेशींवर किरणोत्सारी खूण करून त्या उंदरांच्या शिरेत सोडल्या आणि त्यांचा माग काढला. खुणेच्या पेशी लसिकाग्रंथीतल्या एका विशिष्ट प्रकारच्या नसांच्या भिंतीत सापडल्या. त्याच वर्षी व्हिन्सेंट मार्केझी यांनी गावन्स यांच्याबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून भिंतीत अर्ध्यावर असलेल्या पेशींची चित्रं घेतली.

भिंतीपाशी काय घडतं

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा दुसऱ्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात काय, विद्यार्थ्याला लसिकाग्रंथीची जांभळ्या-गुलाबी रंगाची स्लाइड पाहावी लागतेच. भिंग मोठं करून ग्रंथीच्या आतल्या भागात बघितलं की त्या नसा दिसतात. एरवी रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर इतकं पातळ असतं की स्लाइडमध्ये नुसती रेघ दिसते. इथे मात्र अस्तराच्या पेशी उंच, टुमटुमीत, जवळजवळ चौकोनी, आणि त्यांच्यामधून शिरताना पकडल्या गेलेल्या लिम्फोसाइटचे गडद ठिपके. १८९८ सालीच थोमे यांनी या उंच पेशी टिपल्या होत्या. त्यांचं काम कळायला पुढे सहा दशकं जावी लागली.

आता एकाच लिम्फोसाइटच्या मागे जाऊ. रक्ताच्या ओघात ती या नसेत येते. तिच्या अंगावर बारीक केसांसारखे उंचवटे आहेत आणि त्यांच्या टोकांवर एल-सिलेक्टिन नावाचं प्रथिन आहे. समोर, नसेच्या उंच पेशींवर, प्रथिनांना साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. सिलेक्टिन त्या साखरेला धरतं आणि लगेच सोडतं. कुसळांच्या गवतातून चालताना धोतराचा सोगा अडकतो, ओढला की सुटतो, आणि पुढच्या पावलाला पुन्हा अडकतो, तसं हे चालतं. पेशी थांबत नाही, पण तिचा वेग एकदम उतरतो, आणि मघापर्यंत मधोमध सुसाट वाहणारी ती आता भिंतीला लागून गडगडत चालते.

या गडगडण्यात एक विलक्षण गोष्ट आहे. रक्ताचा ओघ थांबवला तर धरून राहणं सोपं व्हायला हवं, असं कुणालाही वाटेल. १९९६ साली प्रयोगशाळेत उलटंच दिसलं. प्रवाह एका मर्यादेखाली मंदावला की एल-सिलेक्टिनची पकड सुटते आणि पेशी भिंतीपासून निघून जातात. प्रवाह वाढवला की पुन्हा गडगडू लागतात. काही रेणूंचे बंध ओढ बसली की आणखी घट्ट होतात, हे पुढे २००३ मध्ये याच कुळातल्या पी-सिलेक्टिनवर थेट मोजलं गेलं. म्हणजे ज्या ओघातून पेशीला उतरायचंय, तोच ओघ तिला भिंतीशी धरून ठेवायला मदत करतो. आणि रक्त जिथे साकळलंय तिथे पेशी उगाच चिकटून गर्दी करत नाहीत.

नुसत्या गडगडण्याने कोणी आत जात नाही. ग्रंथीतल्या पेशी सीसीएल२१ नावाचं एक लहानसं प्रथिन बनवतात, आणि ते नसेच्या आतल्या अंगाला, रक्ताच्या बाजूला, मांडून ठेवलेलं असतं. साखरेच्या साखळ्यांनी धरून ठेवल्यामुळे ते वाहून जात नाही. गडगडणाऱ्या पेशीच्या अंगावर त्याला ओळखणारा ग्राहक असेल, तर ते ग्राहकाला लागताक्षणी आत इशारा जातो. तोवर पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं दुमडून, मान घालून बसलेली असतात. इशारा मिळाला की सेकंदाच्या आत ती ताठ उभी राहतात आणि भिंतीवरच्या जोडीदार प्रथिनाला घट्ट धरतात. वाहत्या रक्तात पेशी जागच्या जागी थांबते.

मग ती चपटी होते आणि भिंतीवरून सरपटत जागा शोधते. बहुतेक वेळा दोन उंच पेशींच्या सांध्यातून वाट निघते. कधी मात्र ती थेट एका पेशीच्या अंगातूनच आरपार जाते. या दुसऱ्या वाटेवर १९६४ पासून वाद होता. आता दोन्ही वाटा मान्य आहेत. आधी एक पाऊल आत जातं, मागून केंद्रक स्वतःला बारीक करून निघतं. सगळा उद्योग साधारण दहा मिनिटांचा. ग्रंथीत गर्दी असेल तर आत आलेल्या काही पेशी उंच पेशींखालच्या लहान कप्प्यांत थांबून राहतात, आणि आतल्या कोणी बाहेर पडलं की पुढे सरकतात.

एवढ्या पेशी अहोरात्र भिंत ओलांडत असताना ग्रंथीत रक्त का झिरपत नाही? २०१३ साली उंदरांवर झालेल्या संशोधनातून याचं उत्तर मिळालं. भिंतीतून वाट निघते तिथे रक्तातल्या प्लेटलेट्सना भिंतीपलीकडच्या पेशींवरचं एक प्रथिन लागतं. ते लागताच त्या एस१पी नावाचा पदार्थ सोडतात, आणि त्याने उंच पेशींचे सांधे पुन्हा आवळले जातात. ज्या उंदरांमध्ये ही व्यवस्था बिघडवली होती, त्यांच्या लसिकाग्रंथींत रक्तस्राव झाला. दर ओलांडणीनंतर भिंत बुजवली जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

या तीन पायऱ्या, म्हणजे गडगडणं, इशारा आणि घट्ट पकड, प्रत्येक जागी वेगळ्या रेणूंनी घडतात. पू होतो तो मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा. न्यूट्रोफिलवरही एल-सिलेक्टिन असतं, त्यामुळे ग्रंथीतल्या नसेत तेही गडगडतं. पण सीसीएल२१ ओळखणारा ग्राहक एरवी त्याच्याकडे नसतो, म्हणून ते थांबत नाही, पुढे निघून जातं. काटा रुतलेल्या तळपायात मात्र सुजलेली नस दुसरी सिलेक्टिनं आणि दुसरे इशारे पुढे करते. तिथे न्यूट्रोफिल काही तासांत भिंत ओलांडून पोहोचतं आणि लिम्फोसाइट वाहून जाते. एकच रक्त दोन्हीकडून वाहतं. कोण कुठे उतरणार हे भिंत आणि पेशी मिळून ठरवतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूजीन बुचर आणि टिमोथी स्प्रिंगर यांनी ही पायऱ्यांची कल्पना मांडली, आणि आज तीच पाठ्यपुस्तकात शिकवतात.

गाठ फुगते ती अशी

आता जांघेतल्या गाठीचा उलगडा सोपा आहे. काट्याची खबर ग्रंथीत पोहोचली की तिच्याकडे येणारी धमनी रुंदावते, रक्त जास्त येतं, आणि उंच पेशींच्या नसांतून जास्त लिम्फोसाइट आत शिरतात. त्याच वेळी बाहेरची वाट बंद होते. एरवी ग्रंथीतून बाहेर पडायला लिम्फोसाइट एस१पीचाच माग काढतात, कारण तो लसिकेत जास्त आणि ग्रंथीच्या आत कमी असतो. धोक्याची सूचना मिळालेल्या पेशी एस१पी ओळखणारा आपला ग्राहक काही काळ आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांना बाहेरची वाटच दिसत नाही. येणं वाढलं, जाणं थांबलं. ग्रंथी काही पटींनी मोठी होते, तिचं वेष्टण ताणलं जातं आणि दुखतं.

पण या अडवणुकीमुळेच, लाखात एक असलेली ती पेशी जांघेतून जाताना सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते. ती सापडली की दिवसातून दोन-तीनदा दुभंगत आठवडाभरात हजारो जणी होतात. त्यांच्या अंगावरचं एल-सिलेक्टिन गळतं आणि दुसरे ग्राहक येतात. आता त्यांना ग्रंथीत उतरायचं नसतं. बाहेरची वाट उघडल्यावर त्या लसिकेतून रक्तात येतात आणि तळपायातल्या सुजलेल्या नसेपाशी भिंत ओलांडतात. काटा निघाला, जंतू संपले की ग्रंथी हळूहळू पूर्ववत होते. अवधाण बसलं, असं आपण म्हणतो.

म्हणून गाठीवर उपाय करायचा तो पायावर. काटा काढावा, जखम स्वच्छ धुवावी, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, ताप किंवा पायावर वर चढणारी लाल रेघ दिसली तर लगेच दवाखाना गाठावा. गाठ चोळू नये, तिच्यावर बिब्बा लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि आतल्या कामाला काही मदत होत नाही. मात्र जखम नसताना आलेली, दोन-तीन आठवड्यांत न बसलेली, टणक किंवा वाढत जाणारी गाठ अवधाण समजून सोडून देऊ नये. मानेत अशा गाठींची माळ दिसली तर ती क्षयाची गंडमाळ असू शकते, आणि सोबत वजन घटत असेल तर तपासणीला दिरंगाई परवडत नाही.

मुंबईचा रक्तगट आणि हैफाची मुलं

भिंत ओलांडता आली नाही तर काय होतं, हे काही बाळांकडे पाहून कळतं. नवजात बाळाची नाळ साधारण आठ-पंधरा दिवसांत सुकून पडते. काही विरळ बाळांची तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही, बेंबी लाल होते, आणि तिथे पू मात्र होत नाही. नाळ सुटायलाही न्यूट्रोफिल तिथे यावी लागतात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एरवीच्या कितीतरी पट निघतात. पेशी बनत आहेत, रक्तात भरपूर आहेत, पण त्यांच्या इंटिग्रिनचा एक भाग जन्मतः सदोष आहे. त्या गडगडतात, थांबत नाहीत, म्हणून उतरत नाहीत. या विकाराला एलएडी-१ म्हणतात. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा बदलणं हाच खरा उपाय. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था अशा बाळांच्या पेशींवर ते इंटिग्रिन आहे की नाही, हे तपासून निदान करते.

या संस्थेची मुळं १९५७ साली सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रात आहेत. त्याआधी पाच वर्षं, १९५२ मध्ये, मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता, आणि ओ गटाच्या माणसांत असतो तो एच सुद्धा नव्हता. ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. जगभर हा ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे तो साधारण दहा हजारांत एकाला असतो, म्हणून अशा रक्तदात्यांच्या याद्या ठेवाव्या लागतात. एच तयार होताना तांबड्या पेशीवरच्या साखळीला फ्यूकोज नावाची साखर जोडली जाते. बॉम्बे गटात ती जोडणारं विकर काम करत नाही.

याचा पांढऱ्या पेशींशी काय संबंध, हे चाळीस वर्षं कोणाच्या ध्यानातही आलं नसेल. १९९२ साली इस्रायलच्या हैफामध्ये अमोस एट्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही वारंवार गंभीर संसर्ग होत, रक्तात पांढऱ्या पेशी खूप जास्त, पू नाही. इंटिग्रिन तपासलं तर ते ठीक. आणि दोघांचा रक्तगट निघाला बॉम्बे! धागा तिथेच होता. सिलेक्टिन ज्या साखरेला धरतं, तिच्यातही फ्यूकोज असतं. या मुलांच्या शरीरात फ्यूकोज कामाच्या जागी पोहोचवणारी वाहतूकच बिघडलेली होती. त्यामुळे तांबड्या पेशीवर एच नाही, आणि पांढऱ्या पेशीवर भिंतीच्या सिलेक्टिनला धरायला साखर नाही. पेशी गडगडतच नव्हत्या. पहिल्या पायरीलाच अडल्या होत्या. या विकाराला एलएडी-२ नाव मिळालं. पुढे अशा काही मुलांना तोंडाने फ्यूकोज दिल्यावर सुधारणाही झाली.

नेहमीच्या बॉम्बे गटाच्या माणसांनी यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींवर फ्यूकोज जोडणारी विकरं वेगळी असतात आणि ती शाबूत असतात. त्यांची प्रतिकारशक्ती इतरांसारखीच.

भिंत नको तेव्हा धरते

धरण्याची हीच यंत्रणा नको तिथे जागी झाली तर तिचाच त्रास होतो. यवतमाळसह विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक नसांत अडकतात, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण त्या नसांचं अस्तरही सतत चिडलेलं असतं. ते पी-सिलेक्टिन बाहेर काढून ठेवतं, त्याला पांढऱ्या पेशी धरतात, त्यांना तांबड्या पेशी चिकटतात, आणि नस तुंबते. हाडं फोडणारी कळ येते ती अशा तुंबण्याने. पी-सिलेक्टिनला झाकणारं क्रिझानलिझुमॅब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने मंजुरी काढून घेतली. भिंतीवरचा एक रेणू झाकून भागत नाही, हे त्यातून कळलं. शोध अजून चालू आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये लिम्फोसाइट मेंदूच्या नसांची भिंत ओलांडून आत नासधूस करतात. तिथे दोन्ही बाजूंनी वाट अडवून पाहिली गेली. फिंगोलिमोड हे औषध किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या पदार्थावरून तयार झालं. ते एस१पीचा ग्राहक निकामी करतं, म्हणून लिम्फोसाइट ग्रंथीतच अडकून राहतात. २०१० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नतालिझुमॅब इंटिग्रिनला झाकून मेंदूकडची ओलांडणी थांबवतं. २००४ मध्ये ते बाजारात आलं आणि २००५ मध्ये काढून घ्यावं लागलं, कारण राखण करणाऱ्या पेशी पोहोचत नाहीत म्हटल्यावर काहींच्या मेंदूत दबा धरून बसलेला एक विषाणू उसळला. आता ते कडक देखरेखीखाली देतात. भिंत बंद केली की चोराबरोबर राखणदारही बाहेर राहतो.

रिपोर्टमधला आकडा

ताप आला की यवतमाळच्या कुठल्याही लॅबमधून सीबीसीचा कागद हातात पडतो. पांढऱ्या पेशी एका घनमिलिमीटरला ४,००० ते ११,००० असल्या की ठीक, लिम्फोसाइट त्यातल्या २० ते ४० टक्के. तो आकडा वाचून आपण प्रतिकारशक्तीचा अंदाज बांधतो. पण अंगातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या ग्रंथींत, प्लीहेत, आतड्यांत, अस्थिमज्जेत कामावर असतात. सुई टोचली त्या क्षणी ज्या रस्त्यावर होत्या, तेवढ्याच कागदावर मोजल्या गेल्या. नाळ न पडणाऱ्या बाळाच्या रिपोर्टात आकडा फुगलेला दिसतो, कारण त्याच्या पेशींना रस्त्यावरून उतरताच येत नाही. काट्याने अवधाण आलेल्या शेतकऱ्याच्या रिपोर्टात एखादवेळी काहीच वावगं दिसत नाही, आणि जांघेतली गाठ मात्र भरलेली असते. डॉक्टर आकडा वाचून झाल्यावरही मान, काख आणि जांघ चाचपून पाहतात, ते यासाठीच.